‘गिफ्ट’ : दान, विवाह आणि विष

इंग्रजीत ‘गिफ्ट’ म्हणजे भेट आणि जर्मनमध्ये ‘गिफ्ट’ म्हणजे विष, ही जोडी साहित्यसिद्धांताच्या चर्चेत आता इतकी रुळली आहे की तिचा उल्लेख करताना तिचा इतिहास सांगण्याची गरज सहसा कोणाला वाटत नाही. देणे ही कृती वरवर निरपेक्ष दिसली तरी ती घेणाऱ्यावर ऋण लादते, त्याला बांधते, प्रसंगी त्याचा घात करते. आणि हे सत्य जर्मानिक भाषांनी एकाच शब्दात दोन्ही अर्थ साठवून आधीच सांगून ठेवले आहे, असा युक्तिवाद केला जातो. त्याचे मूळ मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या १९२४ सालच्या एका छोट्या टिपणात आहे. १९६८ नंतर झाक देरिदांच्या लेखनामुळे तो समीक्षेत सर्वत्र पसरला. युक्तिवाद आकर्षक आहे. दानासंबंधी त्यात जे म्हटले आहे ते बव्हंशी खरेही असेल. प्रश्न आहे तो भाषेच्या साक्षीचा. ही साक्ष कोणत्या भाषेची, कोणत्या शतकातली आणि कोणाच्या तोंडची, हे तपासल्यावाचून ती ग्राह्य मानता येणार नाही.

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘देणे’ या अर्थाचे एक क्रियापद सर्व जर्मानिक भाषांना समान आहे : गॉथिकमध्ये ‘गिबन’, जर्मनमध्ये ‘गेबेन’, इंग्रजीत ‘गिव्ह’. या धातूला एक भाववाचक प्रत्यय लागून ‘गिफ्ट’ सिद्ध होतो. हा प्रत्यय आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. गती, मती, भक्ती या शब्दांच्या अखेरीस असलेला मूळचा ‘ति’ तो हाच. ग्रीक ‘डोसिस’ या शब्दातील ‘सिस’ हाही त्याच प्रत्ययाचा ग्रीक अवतार असून ‘डोसिस’चा धातू संस्कृतातला ‘दा’ होय. म्हणजे ‘गिफ्ट’ आणि ‘डोसिस’ हे भिन्न धातूंपासून, पण एकाच साच्यात घडलेले शब्द आहेत. दोहोंचा मूळ अर्थ ‘देण्याची क्रिया’ एवढाच. पुढे या साम्याचे बरेच काम पडणार आहे.

‘गेबेन’चा धातू लॅटिनमधील ‘हाबेरे’ या क्रियापदाशी जोडला जातो, आणि त्याचा अर्थ मात्र ‘जवळ असणे’ असा आहे. गंमत अशी की जर्मन ‘हाबेन’ हे रूपाने आणि अर्थाने ‘हाबेरे’चे जुळे भावंड वाटत असले तरी त्याचे खरे नाते ‘पकडणे’ या अर्थाच्या ‘कापेरे’शी आहे. ज्यांना केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती रचण्याचा मोह होतो त्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. एमिल बेनवेनिस्त यांनी इंडो-युरोपीय भाषांतील दानविषयक शब्दांवर लिहिताना दाखवून दिले की ‘दा’ हा धातू हित्ती भाषेत ‘घेणे’ या अर्थी येतो. संस्कृतातही ‘आ’ उपसर्ग लागताच तो ‘घेणे’ या अर्थाकडे वळतो. हातातून हातात जाणे ही एकच क्रिया, आणि ती कोणत्या टोकाकडून पाहायची हे प्रत्येक भाषा आपापल्या परीने ठरवते. दानाची संदिग्धता शोधायचीच असेल तर ती येथे, घेण्या-देण्याच्या या जुन्या अदलाबदलीत आहे. विषाचा येथे मागमूस नाही.

मग जुन्या जर्मानिक भाषांत ‘गिफ्ट’ कशासाठी वापरला जात होता? उपलब्ध साधने याचे जे उत्तर देतात ते सिद्धांतकारांच्या चर्चेत फारसे येत नाही. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला याने बायबलचे गॉथिक भाषांतर केले. त्यात साध्या भेटीसाठी ‘गिबा’ हा वेगळा शब्द आहे. ‘गिफ्ट’ हे रूप ‘फ्रा’ उपसर्ग लागून ‘फ्रागिफ्ट्स’ असे येते आणि लूकच्या शुभवर्तमानात मरिया योसेफाची वाग्दत्त वधू होती हे सांगताना हाच शब्द योजला आहे. ‘फ्रा’ हा संस्कृत ‘प्र’चा सगोत्र. ‘प्रदान’ आणि ‘फ्रागिफ्ट्स’ यांची रचना इतकी समांतर आहे, आणि विवाहात कन्या देण्याच्या संदर्भात दोहोंचा उपयोग इतका सारखा आहे, की ‘प्रत्ता’ आणि ‘वाग्दत्ता’ या शब्दांशी परिचित असलेल्या वाचकाला गॉथिक वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागू नये.

हीच स्थिती जुन्या इंग्रजीची. तेथे देणगीला ‘गिफु’ म्हणत. ‘गिफ्ट’ म्हणजे वधूसाठी द्यावयाचे मूल्य, आणि त्याचे बहुवचन म्हणजे विवाह. वेसेक्सचा राजा इने याच्या सातव्या शतकाच्या अखेरच्या कायद्यात पत्नीसाठी मूल्य ठरले आणि विवाह मात्र पार पडला नाही, तर काय करावे याचे एक कलम आहे. त्यात न झालेल्या विवाहाला हाच शब्द वापरलेला आहे. जुन्या नॉर्समध्ये ‘गिप्ट’ म्हणजे देणगी किंवा दैवाने दिलेले भाग्य, आणि ‘गिप्ता’ हे क्रियापद मुलगी विवाहात देण्याचे. थोडक्यात, ‘देणे’ या सामान्य अर्थाला जेथे जेथे विशेष अर्थ चिकटला, तेथे तो सर्वप्रथम विवाहाचा होता. गॉथ, अँग्लो-सॅक्सन आणि स्कँडिनेव्हियन हे तिन्ही समाज एकमेकांपासून दुरावल्यानंतरही हा अर्थ टिकून राहिला, यावरून तो बराच जुना असला पाहिजे.

इंग्रजीतल्या आजच्या शब्दाबद्दल येथेच सांगून टाकणे बरे. जुन्या इंग्रजीतील शब्दाचा उच्चार ‘यिफ्ट’ असा होता आणि चौदाव्या शतकात चॉसरच्या लेखनातही तो ‘य’कारानेच येतो. आजचा कठोर ‘ग’ नॉर्स भाषकांचा. नवव्या-दहाव्या शतकांत डेन लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागांत स्थायिक झाले. त्यांच्या बोलीतला शब्द हळूहळू दक्षिणेत शिरला आणि त्याने देशी रूपाला हुसकून लावले. वधूमूल्याचा अर्थ त्यात मागे पडला व केवळ ‘भेट’ उरली. इंग्रजीतील ‘गिफ्ट’ ही अशा रीतीने जेत्यांकडून आलेली उसनवार आहे, आणि तिने कधीही विषाचा अर्थ धारण केला नाही.

आता विषाकडे वळू. जर्मानिक भाषांपाशी विषासाठी स्वतःचा जुना शब्द होता. जुन्या इंग्रजीत तो ‘आटोर’, नॉर्समध्ये ‘एइट्र’. ‘बेओवुल्फ’ काव्यात नायकाच्या शरीरात भिनणारे नागसदृश राक्षसाचे विष हे ‘आटोर’ आहे. एड्डातील सिनफ्योत्लीच्या मृत्यूच्या कथेत सावत्र आई बोर्गहिल्ड मद्याचे शिंग भरून त्याच्यापुढे करते. त्यात कालवलेले विष ‘एइट्र’ आहे. जर्मनमध्ये हाच शब्द ‘आयटर’ या रूपाने जगला खरा, पण त्याचा अर्थ घसरून ‘पू’ झाला. डॅनिश भाषेत कोळ्याला ‘एडरकोप’ म्हणतात, त्यात तो थिजून बसला आहे. मोसच्या सिद्धांताला सर्वांत जवळची कथा सिनफ्योत्लीची : आप्ताने आदराने पुढे केलेले पेय आणि त्यात मृत्यू. पण नेमक्या याच ठिकाणी ‘गिफ्ट’ हा शब्द नाही.

तो विषाच्या अर्थाने येतो जर्मनीत, आणि येतो वैद्यकाच्या दारातून. ग्रीक वैद्य रोग्याला एका वेळी द्यावयाच्या औषधाच्या ठरावीक भागाला ‘डोसिस’ म्हणत. लॅटिनने तो शब्द जसाच्या तसा घेतला. आपण औषधाचा ‘डोस’ म्हणतो, आणि उपदेशाचेही डोस पाजतो, तो हाच शब्द. मध्ययुगीन जर्मन लेखकांना ‘डोसिस’साठी देशी प्रतिशब्द हवा होता आणि ‘गिफ्ट’ तयारच होता. धातूला धातू, प्रत्ययाला प्रत्यय. इतका चपखल अनुवाद क्वचितच साधतो. ‘दिलेला भाग’ याचा अर्थ ‘दिलेला घातक भाग’ असा होणे ही पुढची पायरी, आणि ती जुन्या उच्च जर्मनच्या काळातच ओलांडली गेलेली दिसते. ज्याचे नाव घेऊ नये त्याला ‘दिलेले’ एवढेच म्हणायचे, असा हा सौम्य शब्दाचा आश्रय आहे. पॅरासेल्ससने १५३८ साली आपल्या वैद्यकीय मतांचे समर्थन लिहिताना सर्वच पदार्थ विष असतात, केवळ मात्रेमुळे ते निर्विष ठरतात, असे प्रतिपादन केले. त्याच्या जर्मन वाक्यात ‘गिफ्ट’ आणि ‘डोसिस’ हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आले आहेत : एक शब्द आणि त्याचाच कधीकाळचा अनुवाद, एकमेकांना न ओळखता.

याचे परिणाम भाषेच्या अर्थव्यवस्थेवर झाले. एकाच शब्दाला दोन इतके विरोधी अर्थ आले की बोलणारे लोक सावध होतात. जर्मनमध्ये भेटीचा अर्थ ‘गाबे’ आणि ‘गेशेंक’ या शब्दांकडे गेला. विष या अर्थी ‘गिफ्ट’ नपुंसकलिंगी झाला, आणि जुने स्त्रीलिंग ‘मिटगिफ्ट’ या समासात शिल्लक राहिले. ‘मिटगिफ्ट’ म्हणजे मुलीबरोबर दिले जाणारे धन. डच भाषेने अधिक व्यवहारी मार्ग काढला : भेट ती ‘गिफ्ट’, विष ते ‘गिफ’, शेवटचा ‘ट’ गाळून दोघांची वाटणी करून दिली. स्वीडिश आणि डॅनिश भाषांत विषवाचक ‘गिफ्ट’ उत्तर जर्मनीतील खालच्या जर्मन बोलीतून आला. या बोलीच्या हान्झा व्यापाऱ्यांचा मध्ययुगात बाल्टिकच्या बंदरांवर एवढा वरचष्मा होता की त्यांचे शेकडो शब्द तेथे रुजले. तेथे त्याची गाठ पडली देशी ‘गिफ्ट’शी, ज्याचा अर्थ ‘विवाहित’. स्वीडिश भाषेत आजही हे दोन्ही शब्द सारखेच लिहिले आणि उच्चारले जातात, आणि त्यावरचा विनोद कोणालाही नवा राहिलेला नाही. आइसलँड या व्यापारापासून दूर राहिले. तेथे विष अजूनही ‘एइट्र’च्याच वंशातल्या शब्दाने ओळखले जाते.

ही माहिती हाताशी असताना मोसचे टिपण वाचले पाहिजे. जर्मन भाषा-साहित्याचे अभ्यासक शार्ल आंद्लेर यांच्या गौरवग्रंथात ते स्ट्रासबुर्ग येथून प्रसिद्ध झाले. प्राचीन जर्मानिक समाजात भेटीचे प्रमुख रूप म्हणजे एकत्र प्राशन केलेले पेय होते. असे पेय घातकही असू शकते, निदान ते घेणाऱ्याला बंधनात टाकते. म्हणून ‘भेट’ आणि ‘विष’ हे अर्थ एका शब्दात आले, असा त्याचा आशय आहे. १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या दानावरील प्रख्यात निबंधाच्या एका तळटिपेत मोसने ‘डोसिस’च्या व्युत्पत्तीचाही परामर्श घेतला. रोजच्या व्यवहारातील वस्तूला पंडिती शब्दाने नाव मिळावे हे अर्थपरिवर्तनाच्या नेहमीच्या रीतीला धरून नाही, आणि अनुवादासाठी ‘गिफ्ट’च का निवडला, तसेच काही भाषांनी त्यातला भेटीचा अर्थ वर्ज्य का केला, हे प्रश्न तरीही उरतात, अशी त्याची हरकत होती.

हरकत प्रामाणिक आहे, पण निर्णायक नाही. ‘गिफ्ट’च का, याचे उत्तर रचनेच्या त्या साम्यात आहे, भेटीचा अर्थ का वर्ज्य झाला, याचे उत्तर वर आले. राहिला पंडिती शब्दाचा मुद्दा. इंग्रजी आणि फ्रेंच भाषांतील विषवाचक शब्द लॅटिन ‘पोतिओ’पासून, म्हणजे नुसत्या ‘पेया’पासून, आले आहेत. आणि फार दूर जाण्याचेही कारण नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिकावर फवारायच्या कीटकनाशकाला ‘औषध’च म्हणतात, अमक्याने ‘औषध घेतले’ असे दबक्या आवाजात सांगितले जाते तेव्हा ऐकणाराला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. वैद्याचा शब्द विषाचे नाव कसा होतो हे आपण आपल्याच भाषेत पाहत आलो आहोत. त्यासाठी दानाच्या तत्त्वज्ञानाची आवश्यकता पडलेली नाही. भीती आणि संकोच पुरेसे झाले.

मोस पेयाबद्दल मात्र चुकला नव्हता, त्याने शब्द चुकीचा निवडला. याकोब ग्रिमने १८४८ साली बर्लिनच्या अकादमीत ‘शेंकेन’ आणि ‘गेबेन’ या दोन क्रियापदांवर व्याख्यान दिले होते. आज भेट देण्यासाठी जर्मनमध्ये सर्रास वापरले जाणारे ‘शेंकेन’ मूळचे ‘पेय ओतून देणे’ या अर्थाचे आहे. पाहुण्याचा पेला भरणे यातूनच ‘भेट देणे’ हा अर्थ निघाला. पेयरूप दानाचा भाषिक पुरावा हवा होता तर तो येथे होता, आणि त्यात विष नव्हते. आणखी एक तपशील असा की मोसने आपल्या निबंधाच्या आरंभी नॉर्स ‘हावामाल’ काव्यातील दान-प्रतिदानाचे श्लोक दिले आहेत. पण त्या काव्यात भेटीसाठी येणारा शब्द ‘ग्योफ’ आहे, ‘गिप्ट’ नव्हे. ज्या शब्दाने तेथे दानाची नीती सांगितली, त्याला विषाचा स्पर्श कधी झालाच नाही.

यावरून मोसचा समाजशास्त्रीय सिद्धांत ढासळतो असे कोणी समजू नये. दान बांधते, परतफेडीची सक्ती करते, हे त्याने पॉलिनेशियापासून महाभारताच्या अनुशासनपर्वापर्यंतच्या सामग्रीवरून दाखवले आहे आणि ते एका शब्दाच्या व्युत्पत्तीवर अवलंबून नाही. आक्षेप आहे तो व्युत्पत्तीला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याच्या पद्धतीला. मराठी वाचकाला ही पद्धत अपरिचित नाही. वि. का. राजवाडे यांनी याच सुमारास भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहिताना जुन्या शब्दांच्या पोटातून लुप्त समाजरचना बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. त्यांची प्रतिभा थक्क करणारी आहे, आणि धोकाही तिच्यातच आहे : शब्दाचा इतिहास आणि शब्दाविषयीची कल्पना यांतील सीमारेषा वाचता वाचता पुसली जाते.

समीक्षकाला शब्दाच्या अनेकार्थतेशी खेळण्याचा अधिकार आहे, याबद्दल वाद नाही. देरिदांनी ‘प्लेटोची औषधशाळा’ या १९६८ सालच्या निबंधात ‘फार्माकोन’ या ग्रीक शब्दाचे औषध आणि विष हे दोन्ही अर्थ प्लेटोच्या लेखनविषयक भूमिकेत कसे एकत्र नांदतात हे दाखवले, तेव्हा त्यांच्या पायाखाली भक्कम जमीन होती. ते दोन्ही अर्थ एकाच भाषेत, एकाच काळात जिवंत होते आणि प्लेटोच्या वाचकाला एकाच वेळी ऐकू येत होते. भाषांतरकारांनी कधी एक, कधी दुसरा अर्थ निवडून ती संदिग्धता मोडली, ही देरिदांची तक्रार रास्त आहे. त्याच निबंधाच्या तळटिपेत मोसची ‘गिफ्ट’वरची टीप येते, आणि पुढे १९९१ सालच्या ‘काळ देणे’ या ग्रंथात दानाची अशक्यता हाच विषय होतो. पण ‘फार्माकोन’ आणि ‘गिफ्ट’ यांना एका पंक्तीत बसवता येत नाही. इंग्रजी वाचकाला ‘गिफ्ट’मध्ये विष ऐकू येत नाही आणि आजच्या जर्मन वाचकाला त्यात भेट ऐकू येत नाही. दोन्ही अर्थ एकदम ऐकतो तो दोन्ही भाषा जाणणारा विसाव्या शतकातला पंडित. त्याला जे ऐकू येते ते खरे आहे, पण ते त्याचे आहे. जर्मानिक पूर्वजांच्या नावावर ते जमा करता येणार नाही. संहितेच्या भाषेत तिच्या वाचकाला दोन्ही अर्थ उपलब्ध होते काय, एवढी एक कसोटी लावली तरी अनेकार्थतेवर उभे राहिलेले पुष्कळसे समीक्षालेखन पुन्हा तपासावे लागेल, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

विषाच्या या झगमगाटात एक अर्थ मात्र अंधारात राहिला. ‘गिफ्ट’मध्ये जो अर्थ खरोखरच जुना होता, तीन भाषांच्या साधनांत नोंदलेला होता आणि ज्याचा दान-प्रतिदानाशी थेट संबंध होता, तो विवाहाचा. क्लोद लेव्ही-स्ट्रोस यांनी १९४९ साली नातेसंबंधांच्या मूलभूत संरचनांवरील ग्रंथात स्त्रीला दानांतील सर्वश्रेष्ठ दान म्हटले. गेल रुबिन यांनी १९७५ साली त्यावर नेमका प्रश्न विचारला की देणारा पुरुष, घेणारा पुरुष, मग जी दिली जाते तिचे या व्यवहारात स्थान कोणते? या वादात ‘गिफ्ट’ हा शब्द पुरावा म्हणून पुढे आणण्याजोगा होता. कन्यादानाचा संकल्प ऐकत वाढलेल्या आणि हुंड्याच्या बातम्या वाचत आलेल्या समाजाला तर त्याचे मर्म चटकन कळले असते. पण विष अधिक नाट्यमय होते आणि वधूचा अर्थ घरगुती.

स्वीडनच्या १७३४ सालच्या विधिसंहितेचे पहिले प्रकरण विवाहाचे होते आणि त्याच्या नावातच ‘गिफ्ट’ होता. १९२० साली नवा विवाहकायदा आला तरी ते नाव राहिले. १९८७ साली संमत झालेल्या कायद्याने ते टाकून वेगळा शब्द घेतला. बोलीतून मात्र तो गेला नाही. आइसलँडमध्ये पूर्वी स्त्रीविषयी बोलताना ‘दिलेली’ आणि पुरुषाविषयी बोलताना ‘पत्नी मिळवलेला’ अशी दोन वेगळी विशेषणे होती. आता तेथे पुरुषालाही पहिल्याच विशेषणाचे पुल्लिंगी रूप लावतात.